झाकणाचं भोक बुजवून युसूफ वडगावला

चूक माझी होती. हे वाक्य प्रवासात मी सगळ्यात शेवटी बोललो, म्हणून इथे सगळ्यात आधी लिहितो.

मी पुणे जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत पाणीपुरवठ्याचं काम बघतो. सव्वीस वर्षं झाली. पाणी कुठे गळतंय ते शोधायचं आणि बंद करायचं, हे माझं काम, आणि आता तो स्वभावही झाला आहे. लग्नाला गेलो तरी माझं लक्ष आधी मांडवामागच्या नळाकडे जातं. सांधे बुजवायच्या लांबीची पुडी माझ्या पिशवीत दाढीच्या सामानाशेजारी कायम असते. ती तिथे नसती तर हा लेखही नसता.

आम्ही, म्हणजे मी आणि माझी बायको मंगल, बीड जिल्ह्यातल्या युसूफ वडगावला माझ्या भाचीच्या लग्नाला निघालो होतो. माझी थोरली बहीण, अक्का, तिथे दिलेली. तिचे यजमान रंगनाथराव, म्हणजे आमचे दाजी, शेतकरी माणूस. गाडीही मुळात त्यांचीच. पांढरी, पेट्रोलवर चालणारी, भाचीच्या वयापेक्षा जुनी. सहा वर्षांपूर्वी डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा दाजींनी ती मला दिली. देताना तिच्याबद्दल तासभर बोलले. स्वतःच्या ऑपरेशनबद्दल ते एवढं बोलले नव्हते. आता भाचीने, पल्लवीने, हट्ट धरला होता की सासरी माजलगावला जायचं ते ह्याच गाडीतून. जन्मल्यावर दवाखान्यातून घरी ती ह्याच गाडीतून आली होती. म्हणून एस.टी. सोडून आम्ही गाडी घेऊन निघालो. मागच्या सीटवर पल्लवीची पिवळी साडी होती. मामाने आणलेली पिवळी साडी नेसल्याशिवाय अक्काच्या घरी मुलीला हळद लागत नाही. हळद दुपारी चारला होती.

जामखेड

घरापासून जामखेडपर्यंत गाडीने एक ठसकाही दिला नाही. हे मुद्दाम लिहितो आहे. जामखेडला मंगलच्या मावसबहिणीकडे मुक्काम केला. सकाळी उठून मी गाडी धुवायला घेतली. आदल्या दिवशी टाकी गळ्यापर्यंत भरली होती, त्यामुळे वळणावर झाकणातून दोन-चार थेंब पाझरले होते, आणि मंगल वासाने हैराण झाली होती. मी झाकण काढून उलटं केलं. मधोमध सुई जाईल एवढं भोक.

माझ्या मनात काय आलं ते प्रामाणिकपणे सांगतो. मनात आलं, एवढी वर्षं दाजींच्या हे लक्षात आलं नाही? मी लांबी मळली, भोक बुजवलं, वरून ओलं बोट फिरवून गुळगुळीत केलं, आणि चहा प्यायला आत गेलो. लांबी तासाभरात दगड झाली.

त्या भोकातून टाकीत हवा जाते. जेवढं पेट्रोल इंजिन ओढतं तेवढी हवा टाकीत यावी लागते. ती आली नाही तर थोड्या वेळाने पेट्रोल पुढे सरकेनासं होतं आणि इंजिन चालता चालता तहानेने मरतं. आता कुणी म्हणेल, हे सामान्य माणसाला कसं कळणार? मी सामान्य माणूस नाही. पाण्याच्या मोठ्या लाइनवर दर थोड्या अंतरावर हवेसाठी एअर व्हॉल्व्ह मी स्वतः बसवतो, आणि नव्या पोरांना त्याचं कारण फळ्यावर चित्र काढून समजावतो.

पाटोद्याच्या अलीकडे

जामखेड सोडलं की जमीन हळूहळू वर चढते. बालाघाटचे डोंगर आमच्या सह्याद्रीसारखे अंगावर येत नाहीत. लांबवर बसून बैठकीला आल्यासारखे दिसतात. वैशाख होता. सीताफळीच्या झाडांना पान नव्हतं. मी मंगलला म्हणालो, "बघ, कशी पळतेय." त्याच वेळी गाडीने दोन आचके दिले, खोकली आणि गप्प झाली.

आमच्याकडे रस्त्यात गाडी बंद पडली तर मागचे हॉर्न वाजवतात आणि पुढे गेल्यावर वळून बघतात. इथे पहिलीच मोटरसायकल थांबली. मागे दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या होत्या. दूधवाल्याने गाडीकडे पाहिलंही नाही, आधी आमच्याकडे पाहिलं.

"कुठले पाव्हणं?"

मी सांगितलं.

"आन् निघालाव कुणाकडं?"

"युसूफ वडगावला. रंगनाथरावांकडे."

"आँ? बागायतदार रंगनाथराव? आवो, त्यांची पुतणी आमच्या चुलत्याच्या घरात दिलीय! मंग तुमी मामा का?" एवढं झाल्यावर तो गाडीकडे वळला. "पेट्रोल हाय का?"

ह्या गाडीत पेट्रोल किती आहे हे काटा सांगत नाही. काटा कायमचा अर्ध्यावर बसलेला आहे. दाजींनी त्यासाठी बांबूची एक कामटी तासून दिली आहे, तिच्यावर रंगीत दोरे गुंडाळून खुणा केल्या आहेत. झाकण काढायचं, कामटी बुडवायची, बघायचं. मी झाकण फिरवलं तसा टाकीतून 'सूंऽऽ' असा लांब आवाज आला.

"उन्हानं उकळाय लागलंय आत," दूधवाला म्हणाला.

"सुस्कारे टाकतेय बिचारी," मंगल म्हणाली.

पेट्रोल भरपूर होतं. मी झाकण लावलं. दूधवाल्याने बॉनेट उघडून पेट्रोलच्या पंपावर हात ठेवला, झटकन काढला आणि निकाल दिला, "पंप तापलाय. वलं फडकं टाका." मंगलने नवा नॅपकिन भिजवून दिला. पाच मिनिटांनी गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. दूधवाल्याने मान डोलावली. मीही डोलावली. गाडी फडक्याने नाही, कामटी बुडवायला झाकण काढलं म्हणून सुरू झाली, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

आणि मग मी ते बोललो. गरज नव्हती, कुणी विचारलं नव्हतं. पण परक्या माणसासमोर आपली गाडी बंद पडली की माणसाला वाटतं, ती आपली नाही हे सांगून टाकावं. मी म्हणालो, "दाजींचीच गाडी हो ही. भंगारवाल्यानं घेतली नसेल, म्हणून मेहुण्याच्या गळ्यात बांधली."

"आसं म्हनता?" दूधवाला म्हणाला. त्याचे डोळे चमकले. मला वाटलं विनोद आवडला. आम्ही निघालो तेव्हा तो फोनवर बोलत होता.

मांजरसुंबा

मांजरसुंब्याच्या चौकाच्या जरा अलीकडे पुन्हा तेच. दोन आचके, खोकला, शांतता. चार माणसांनी न बोलावता येऊन ढकलत एका धाब्याच्या दारात नेली. धाब्याशेजारी पत्र्याच्या शेडखाली गाड्या दुरुस्त करणारे एक वस्ताद होते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

आमच्याकडे मेकॅनिक आधी म्हणतो, "सोडून जा, चार दिवसांनी फोन करा." वस्ताद म्हणाले, "जेवलाव का?"

"नाही, पण गाडी..."

"गाडी कुठं पळती का? तीच तर तिची तकलीफ हाय."

ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, फोडलेला कांदा. चटणी इतकी तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. वाढणारा म्हणाला, "गाडीसाठी रडू नका हो मामा, हुईल चालू." मला 'मामा' म्हणून कसं ओळखलं, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. मला तेव्हा अजून एक भाकरी हवी होती.

जेवण झाल्यावर वस्तादांनी सुरुवात केली. झाकण उघडायला लावलं, 'सूंऽऽ' झालं, कामटी बुडवली, पेट्रोल पाहिलं, झाकण लावलं. मग एक चांगला प्रश्न विचारला. माझ्या मते तो ह्या सगळ्या प्रवासातला सर्वांत चांगला प्रश्न होता.

"कालपतुर नीट चालत हुती म्हनता. मंग काल-आज हिचं काय काम केलं का?"

"काही नाही," मी म्हणालो. "फक्त धुतली."

मी खोटं बोललो असं मला तेव्हा वाटलं नाही. भोक बुजवणं हे माझ्या हिशेबी काम नव्हतंच, ते माझं श्वास घेण्यासारखं होतं.

"मंग पानी गेलं आसंल वायरीत," वस्ताद म्हणाले. त्यांनी वायरी पुसल्या, पॉइंट पॉलिश पेपरने घासले, प्लग काढून फुंकर मारली. भोवती आठ-दहा जण जमले होते. एक म्हणत होता कॉइल गेली, दुसरा म्हणत होता कार्बोरेटरमध्ये कचरा आहे, आणि तिसऱ्याचं म्हणणं होतं की गाडीला गाव बदललेलं आवडलेलं नाही. वस्ताद मात्र मध्येच थांबून एका नटावर बोट ठेवून म्हणाले, "पन लई जपलीय गाडी ज्यानं कुनी जपलीय. येकाबी नटाचं तोंड खराब न्हाई. आसा मानूस आता घावत न्हाई."

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "वरून जपलीय हो. आतून कशी आहे ते बघताय ना? आमच्या दाजींनी शोभेची वस्तू दिली आहे."

लोक हसले. मला बरं वाटलं. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली आणि श्रेय वस्तादांच्या पॉलिश पेपरला गेलं.

चौक ओलांडेपर्यंत अक्काचा फोन आला. सकाळपासूनचा तिसरा. पहिल्या दोन फोनांत ती "सुध्या, कुठवर आलास रे?" असं विचारत होती. ह्या वेळी म्हणाली, "साडी तेवढी वेळेवर आण. शोभेच्या वस्तूतून येतूयास, सावकाश ये." आणि फोन ठेवला.

मी मंगलकडे पाहिलं. मंगल खिडकीबाहेर बघत म्हणाली, "इथं बातमीला गाडी लागत नाही वाटतं."

नेकनूरच्या पुढे

तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा दीड वाजला होता. ओलं फडकं पंपावर होतंच, पॉइंट घासलेले होतेच. म्हणजे आतापर्यंतचे दोन्ही इलाज चालू असताना ती मेली होती. रस्त्यावर सावली म्हणून एकच लिंबाचं झाड होतं, आणि त्याखाली एक शेळ्यावाले म्हातारबा बसले होते. वीस-पंचवीस शेळ्या जिभा काढून उभ्या. मंगल साडीची पिशवी छातीशी धरून झाडाखाली जाऊन बसली. तिच्या चेहऱ्यावर अडीच तासांचं गणित चालू होतं.

म्हाताऱ्याने आमची चौकशी केली, कुठले, कुणाकडं. मी ह्या वेळी दाजींबद्दल अक्षर काढलं नाही. मग तो उठला आणि शेळ्यांना पाणी पाजायला लागला. त्याच्याजवळ खाली तोटी बसवलेला मोठा प्लास्टिकचा कॅन होता. त्याने तोटी उघडली. घमेल्यात धार पडली, मग बारीक झाली, मग तुटली. कॅन तर अर्धा भरलेला दिसत होता. म्हाताऱ्याने वर हात नेऊन कॅनचं झाकण थोडं सैल केलं. कॅन 'सूंऽऽ' झाला आणि धार पुन्हा धो धो सुरू झाली.

मी ते पाहिलं. माझे कान गरम झाले. ऊन नव्हतं ते.

"बाबा," मी म्हणालो, "झाकण का सैल केलं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. लहान पोराकडे बघावं तसं. "वारा आत जायाला नगं व्हय? वारा जाईना तर पानी भाईर कसं यील? तुमी काम काय करता?"

"पाणीपुरवठ्यात आहे."

"मंग तुमास्नी ठावं आसंल की," तो म्हणाला आणि शेळीचं डोकं घमेल्यातून बाजूला सारलं.

सकाळपासून दोनदा टाकीने सुस्कारा टाकला असं आम्ही समजत होतो. ती श्वास आत घेत होती. आणि प्रत्येक वेळी तिला श्वास देत होती ती दाजींची कामटी.

मी मंगलकडे जाऊन साडीची पिन मागितली. गाडीच्या पलीकडे, तिला दिसणार नाही असा बसलो, आणि झाकणातली लांबी टोकरायला लागलो. ती इतकी पक्की बसली होती की मला स्वतःच्या कामाचा क्षणभर अभिमान वाटला. शेवटी भोक मोकळं झालं. झाकण लावलं. गाडी सुरू झाली.

"काय होतं?" मंगलने विचारलं.

"कचरा," मी म्हणालो.

केजमार्गे युसूफ वडगावपर्यंत गाडी वाऱ्यासारखी गेली. उसाचे हिरवे पट्टे दिसायला लागले, कापूस निघून गेलेली काळी रानं मागे पडली. गाडी जितकी सुरळीत चालली तितका मला घाम येत होता.

युसूफ वडगाव

पावणेचारला पोचलो. मांडवाच्या दारात दाजींचे भाऊबंद उभेच होते.

"आले का मामा! आमी भंगारवाल्याला सांगून ठिवलंतं, कुठं दिसले तर उचलून आन म्हून!"

"आरं बे, हळू बोल, शोभंची वस्तू हाय ती, तडा जाईल!"

दूधवाल्याचे आणि मांजरसुंब्याचे शब्द, स्वल्पविरामासकट. अक्काने साडी घेतली आणि माझ्याकडे न बघता आत गेली. दाजी पुढे आले. पांढरा नवा नेहरू शर्ट, पांढरं धोतर. त्यांनी स्वतः तांब्या दिला, पाय धुवायला लावले, एवढंच म्हणाले, "या." मग गाडीजवळ जाऊन उभे राहिले. आजारी जनावराजवळ उभं राहतात तसे.

"किती अंतरावर बंद पडती?"

आता सांगावं, असं मनात आलं होतं. पण मांडवाच्या दारात ते दोघे भाऊबंद अजून हसत होते, आणि मी स्वतःला म्हणालो, हळद होऊ दे, मग सांगू.

"वीस-पंचवीस किलोमीटरवर," मी म्हणालो. "उन्हामुळं असेल दाजी. सोडा."

"ऊन काय आजचं हाय? ऊन तवाबी हुतंच की," दाजी म्हणाले. "चोवीस वर्षं माझ्याकडं हुती. येकदा बंद पडली न्हाई. कावून आसं करती कळंना." त्यांनी कापडात गुंडाळलेले पाने आणले. दहा मिनिटांत नव्या शर्टावर काळा डाग पडला होता. सगळं नीट होतं, त्यामुळे त्यांना काहीच सापडलं नाही. मग ते गाडीत बसले. "चालवून बगतो. आलोच."

मी त्यांना जाऊ दिलं.

त्या घरात पहिली हळद आईबापांनी जोडीने लावायची रीत आहे. चार वाजले. पल्लवी पिवळी साडी नेसून पाटावर बसली. साडेचार झाले. बायका गाणी म्हणून थकल्या. दाजी येईनात, फोन घरीच विसरलेला. पंचवीस किलोमीटरवर बंद पडते म्हटल्यावर तो माणूस पंचवीस किलोमीटर जाणार आणि परत येणार, हे मांडवात फक्त मला कळत होतं. पल्लवी मान उंच करून दाराकडे बघत होती. शेवटी एक वडीलधारी बाई म्हणाल्या, "वेळ टळती. बापाच्या जागी मामाला उबं करा." अक्काने माझा हात धरून पुढे ओढलं.

मी हळद लावली. माझ्या नखांत अजून करडी लांबी होती.

दाजी सव्वापाचला आले. केजच्याही पुढे जाऊन आले होते. चेहरा पडलेला. "बंदच पडंना," ते म्हणाले. आयुष्यात मी पहिल्यांदाच गाडी चालू राहिली म्हणून दुःखी झालेला माणूस पाहिला. रिकामा पाट त्यांनी पाहिला आणि एवढंच म्हणाले, "झाली का?" मग अक्काला सांगितलं, "उद्या पाठवणीला दुसरी गाडी सांगतो. दुखनं सापडल्याबिगर पोरीला हितनं माजलगावपतुर ह्या गाडीत बसवायचं न्हाई."

पल्लवी ऐकत होती. हळदीच्या तोंडाने आत गेली.

मी संध्याकाळभर दाजींना एकटं गाठायचा प्रयत्न केला. एकदा ते आचाऱ्याशी बोलत होते, एकदा पाहुण्यांच्या गाद्या मोजत होते. ही कारणं झाली. खरं म्हणजे दोनदा ते एकटे सापडले आणि मी विचारलं, "दाजी, चहा घेतला का?"

लग्नाचा दिवस

सकाळी मंगलला सगळं सांगितलं. ती केसांत गजरा माळत होती.

"मला कालच कळलं," ती म्हणाली. "पिन वाकडी करून परत दिलीत. पण मला सांगून काय उपयोग? मी काय तीन गावांत फिरून येऊ?"

ते खरं होतं. चेष्टा मी रस्ताभर केली होती, माफी कोपऱ्यात मागून भागणार नव्हतं.

तिकडच्या लग्नात माइक रिकामा राहत नाही. कोण आमदारांच्या जवळचे आले, कोण माजी सभापती आले, सगळ्यांचं नाव घेऊन स्वागत होतं, आणि मुहूर्ताच्या आधी एक पुढारी नवरा-नवरीला कमी आणि मतदारांना जास्त आशीर्वाद देतात. त्यांचं झाल्यावर निवेदक ओरडला, "मुलीच्या मामांनी फेटा बांधून घ्यायला स्टेजवर यावं!" कुणीतरी मागून म्हणालं, "ढकलू का?" मांडव हसला.

फेटा बांधणारा माझ्या डोक्याभोवती फिरत होता. मी हात लांब करून निवेदकाच्या हातातून माइक घेतला. फेटेवाला म्हणाला, "मान हलवू नका," म्हणून मी समोर बघत, ताठ, शाळेतल्या पोरासारखा बोललो.

"मी मुलीचा मामा. काल वाटेत मी दाजींच्या गाडीला नावं ठेवली. ती तुमच्यापर्यंत माझ्याआधी पोचली. गाडीत काही खराबी नव्हती. टाकीच्या झाकणाला हवेसाठी भोक असतं, ते मी काल सकाळी लांबीनं बुजवलं. गळती समजून. मी पाणीपुरवठ्यात आहे. नेकनूरच्या पुढे एका शेळ्यावाल्या बाबांमुळे मला माझी चूक कळली, आणि ती मी लपवली. दाजींनी चोवीस वर्षांत गाडी बिघडवली नाही, मी एका सकाळीत बिघडवली. दाजी, मी सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो."

एवढा हशा झाला की फेटेवाल्याच्या हातून पदर सुटला. "भोक बुजिवलं!" कुणीतरी पुढच्या माणसाला समजावत होतं. पुढारीसुद्धा हसत होते. पल्लवी मुंडावळ्या बाजूला सारून खालून वडिलांना ओरडली, "आप्पा, मंग त्या दुसऱ्या गाडीची फुलं काढा! आपल्या गाडीला लावा!" दोघे-तिघे पळालेही. गाडी त्या दिवशी माजलगावपर्यंत कुठेही न थांबता गेली, हे इथेच सांगून टाकतो.

दाजी मात्र हसत नव्हते. ते स्टेजच्या पायऱ्या चढून माझ्याजवळ आले आणि माइकवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "सुधाकरराव, भोकाचं काय न्हाई हो. मानसाच्या हातनं हुतं. लोक बी हसतेत, इसरतेत. पन काल म्या तुमास्नी इचारलं, तवा तुमी ऊन म्हनलाव." त्यांनी खाली पल्लवीकडे पाहिलं. "तेवढं येक खरं सांगितलं आसतं, तर माझ्या पोरीची हळद म्या लावली आसती."

माइक मी निवेदकाला परत दिला. अर्धा बांधलेला फेटा सोडून फेटेवाला बाजूला झाला. मी वाकून दाजींच्या पायांना हात लावला, आणि वर न बघता, त्यांना एकट्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "दाजी, आत्ता मागितली ती गाडीची माफी. ही हळदीची. काल तुमच्या जागी उभं राहून तुमच्या लेकीला हळद मी लावली. तेव्हा तुम्ही कुठे असाल आणि कशापायी गेला आहात, हे त्या मांडवात फक्त मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. ते मला भरून देता येणार नाही. मला माफ करा."